सुनपातीला खिरणीचे पाय

हे मी लिहिणारच नव्हते, खरंच. सोमवारपासून पेपर आहेत आणि गोष्ट कसली, तर एका वीतभर झाडाची, जे आता नाहीच आहे. शिवाय जिची गोष्ट तीच म्हणाली, "माझ्यावर काय लिवतंस गो, माझं काय हाय लिवण्यासारखं!" मी बरं म्हटलं आणि बोर्डीहून बसमध्ये बसले. चिखल्याचा स्टॉप येईपर्यंत मोबाईलवर अर्धं टाईप करून झालं होतं. आता अर्धं झालंच आहे तर पूर्ण करते. चुका असतील, सांभाळून घ्या.

तर जमनाबाय.

बोर्डीत समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे एक जुनी नर्सरी आहे, मागे चिकूची वाडी, पुढे पिशव्यांतली रोपं. जमनाबाय तिथे लग्न झाल्यापासून कामाला आहे. वय विचारलं तर म्हणते, "मोजायचं कशाला, दिसतं ना." तिचा पाडा तलासरीकडे. सकाळी टमटमने निघते, मध्ये गाडी बदलते, हातात एक कापडी पिशवी. पिशवीत भाकर आणि कलमाचा चाकू. चाकू ती नर्सरीत ठेवत नाही, रोज घरी नेते. नवरा, लडक्या, अजून चिडवतो, "मला विसरशील कुठंतरी, चाकू नाय विसरायची."

आता हे कलमाचं सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडे चिकू इतके आहेत की आपण मान वर करून बघतही नाही. पण चिकूच्या झाडाचे पाय चिकूचे नसतात. खाली खिरणी असते. खिरणी चिवट, दगडात घाला, खाऱ्या वाऱ्यात घाला, तग धरते. तिचं लहान रोप न्यायचं, मोठ्या चिकूच्या फांदीशी टेकवायचं, दोघांची थोडी थोडी साल काढायची, जखमेला जखम लावायची आणि घट्ट बांधून टाकायचं. दोन-तीन महिन्यांत दोघं एक होतात. मग चिकूची फांदी आईपासून कापायची, खिरणीचं डोकं उडवायचं, झालं. पाय खिरणीचे, अंग चिकूचं. भेट कलम म्हणतात याला. आणि जमनाबायने बांधलेलं कलम फुकट जात नाही असं वाडीत सगळे म्हणतात, तीही म्हणते, लाजत वगैरे नाही.

ती नवी होती तेव्हा वाडीवर रखवालीला एक नेपाळी जोडपं आलं. पार डोंगरातलं, बझांगकडचं. नवरा उंच आणि गप्प. बायको एवढीशी. नाव मनसरा. जमनाबायच्या जिभेवर ते बसेना, तिने तिला धाकली म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळी वाडीच धाकली म्हणायला लागली.

पहिल्याच सकाळी जमनाबाय कामावर आली तर खोपीतून धूर. आणि वास असा, की तिने आयुष्यात तसला वास घेतला नव्हता. राळेसारखा, थोडा कापरासारखा, पण रानटी, नाकात घुसून डोळ्यांच्या मागे जाऊन बसणारा. ती धावत गेली.

"काय जाळतंस गो? शेटची वाडी पेटवशील!"

धाकलीला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. तिने निखाऱ्यावर अजून चार सुकी पानं टाकली आणि दोन्ही हातांनी धूर जमनाबायच्या तोंडाकडे ढकलला. प्रसाद दिल्यासारखा. जमनाबाय खोकत खोकत बाहेर पळाली आणि धाकली दारात उभी राहून हसत होती. मैत्री तिथेच झाली म्हणते ती. "मारायला गेली होती मी तिला, आणि मीच हसायला लागली."

ती पानं सुनपातीची. धाकलीला मराठी आली तेव्हा तिने सांगितलं. तिची मराठी अजूनही मोडकीच आहे, कधी मी गेला, कधी मी गेली.

"आमच्याकडे ना दिदी, झाडं संपते. वर जा, वर जा, झाड लहान होते, अजून लहान होते, मग संपते. तिथे हा असतो. गुडघ्याएवढा. अर्धा वर्ष बर्फाच्या खाली झोपतो, बर्फ गेला की फुलतो."

"बर्फ म्हणजे चंद्रीच्या टोपलीत असतो तसला?" जमनाबायने विचारलं. चंद्रा म्हणजे चिखल्याची मासळीवाली, रोज दुपारी वाडीवर यायची. जमनाबायने बर्फ तेवढाच पाहिलेला, बोंबलांच्या खालचा.

धाकली हसून हसून मातीच्या ढिगावर आडवी झाली. "हां, तसलाच. पण बोंबील नाय त्याच्यात!"

मग सांगायची, फुललं की अख्खा डोंगर गुलाबी, पांढरा, कुठे पिवळट. बारकी फुलं, फांदीच्या टोकाला झुपका. आणि वास एवढा की बकऱ्यांच्या मागे चालता चालता डोकं जड होतं, माणूस खाली बसतो. जमनाबायला यातलं काही खरं वाटायचं नाही. वासाने माणूस खाली बसतो, असं कुठे असतं होय?

पण सकाळचा तो धूर तिला सवयीचा झाला. नंतर नंतर तर टमटममधून उतरलं की आधी नाक वर करायची. आहे धूर, म्हणजे धाकली उठली. गावाहून कोणी आलं की धाकलीला पिशवीभर पानं यायची, ती वर्षभर जपून चिमूट चिमूट जाळायची.

काय दिवस होते, जमनाबाय सांगते आणि हात थांबतात तिचे. दोघी समोरासमोर बसून पिशव्यांत माती भरायच्या. दोन चिकूंच्या मध्ये साडीची झोळी बांधलेली, तिच्यात जमनाबायची सुनिता आणि धाकलीचा प्रेम, डोक्याला पाय लावून झोपवलेले. ज्या आईचा पाय मोकळा ती झोळीला ढकलणार. एक रडलं की दुसरं रडायचं, मग दोघी एकमेकींवर ओरडायच्या, "तुझ्याने सुरू केलं!" दुपारी नागलीची भाकर आणि सुकट. धाकली सुरुवातीला सुकटीच्या वासाने नाक दाबून पळायची. जमनाबाय म्हणायची, "तुझा धूर चालतो मला, माझी सुकट नाय चालत तुला?" पुढे तीच धाकली चंद्राशी सुकटीवरून भांडायला लागली, जास्त घाल म्हणून.

मग धाकलीचा नवरा गेला. प्रेम मोठा झाला, अच्छाडला हायवेच्या ढाब्यावर आचारी लागला, ढाब्याच्या मागे खोली मिळाली, आणि तो आईला घेऊन गेला. काही भांडण नाही, रडारड नाही, टेम्पोत एक पेटी आणि एक खाट. दुसऱ्या सकाळी जमनाबाय उतरली आणि सवयीने नाक वर केलं. नुसता समुद्राचा वास.

पहिल्यांदा दोघी तलासरीच्या बाजारात भेटायच्या, ठरवून. मग धाकलीचे गुडघे गेले. मग नुसता फोन. फोनवर जमनाबाय म्हणजे, भाकर खाल्ली? हां. पोरगा बरा? हां. ठेवते.

आता जतीनचं ऐका. जतीन जुन्या शेटचा मुलगा, नर्सरी आता तोच बघतो. मुलगा चांगला आहे पण डोक्यात रोज नवं खूळ. चिकूत काय राहिलं नाय म्हणतो, बंगलेवाल्यांना वेगळं वेगळं पाहिजे. गेल्या जानेवारीत त्याने कुठल्या डोंगरातल्या नर्सरीतून खोकं मागवलं. आपल्याकडे तेव्हा सकाळी बऱ्यापैकी थंडी असते, त्याला वाटलं चालून जाईल. खोक्यात तीन कुंड्या, तिन्हींत पालथ्या वाटीएवढी झाडं, गच्च, गोल.

"मावशी, जपून हां," जतीन मोबाईल बघून वाचायला लागला. "ऱ्होडोडेंड्रॉन. हिमालयातली बुटकी जात. ही जंगली नाय, जंगलातल्यातून निवडून निवडून बागेसाठी केलेली. हा गुलाबी, हा पांढरा आणि हा पिवळट. उंची एवढीच राहणार."

"एवढीच? मग घेणार कोण?"

"आता लहानच चालतं. घरं लहान झाली ना."

जमनाबायने एका पानावरची धूळ अंगठ्याने पुसली. एवढंच केलं. आणि ती खोक्याशेजारी मटकन खाली बसली. अंगठा नाकाशी धरून बसूनच राहिली. जतीनला वाटलं चक्कर आली, तो पाणी आणायला धावला.

"पाणी नको," ती म्हणाली. "फोन लाव. धाकलीला लाव."

जतीनने व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे प्रेमने फोन आईसमोर धरला. धाकलीच्या डोळ्यात मोतीबिंदू, ती फोन अगदी नाकाशी नेऊन बघत होती. इकडे सगळ्यांना नुसती तिची भुवई दिसत होती.

"पान उलटा कर दिदी. मागे खाकी आहे?"

"हाय. चूर लावल्यासारखं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणते, "पण हा असा गोल का आहे? न्हाव्याकडे नेला काय? आमचा तर वाकडातिकडा असतो, दगडाला धरून."

जतीन हसायला लागला. "निवडलेली झाडं आहेत धाकलीमावशी. देखणी देखणी बाजूला काढलेली."

"मग आपला नंबर नसता लागला दिदी," धाकली म्हणाली आणि दोघी दोन फोनवर हसल्या.

गुलाबीच्या एका फांदीवर एक कळी होती, फुगलेली, वाटाण्याएवढी. जमनाबायने ती दाखवली. धाकली म्हणाली, "लग्न होऊन निघाली तेव्हा बघितला मी शेवटचा. मग गावी गेली तेव्हा कधी थंडी, कधी पाऊस. फुलाच्या टायमाला कधी गेलीच नाय." आणि मग हळूच, "हा फुलेल का?"

"फुलेल म्हणजे? फुलवते! आणि कुंडीसकट घेऊन येते अच्छाडला. तू बस खाटेवर, मी तुझ्या मांडीवर ठेवते."

बोलून गेली.

फेब्रुवारीत पांढरं गेलं. आठवड्यात पिवळटही गेलं. जमनाबायने गुलाबी उचलून हिरव्या जाळीखाली नेलं, सर्वात गार कोपऱ्यात. चंद्राकडून बर्फ मागून घेतला आणि कुंडीच्या भोवती लावला. चंद्रा म्हणाली, "काय गो, पापलेट लावलंस काय कुंडीत?" जमनाबाय हसली नाही. मग ऊन चढायला लागलं आणि त्या पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या.

ती दिवसभर त्या कुंडीसमोर उकिडवी बसायची. आणि तिच्या डोक्यात एकच आलं, जे आपल्याकडच्या कुठल्याही कलमवाल्याच्या डोक्यात आलं असतं. वरचं अंग बरं आहे, कळी जिवंत आहे. पाय जळतायत. इथली माती त्या पायांना मानवत नाही. मग पाय बदलायचे. चिकूला दिले तसे खिरणीचे द्यायचे.

जतीन म्हणाला, "मावशी, नको. हे वेगळं खानदान आहे, लागणार नाय. कळी आहे, फुलू दे आधी."

"फुलेल आणि मरेल. मग धाकलीच्या मांडीवर काय ठेवू, मेलेलं? तिच्या दारात राहिलं पाहिजे ते. दरवर्षी फुललं पाहिजे."

"मावशी..."

"मला कलम शिकवतंस?"

जतीन ऑफिसात परतला. त्याला लहानपणी चिकू सोलून खायला तिनेच शिकवलेलं, तो काय बोलणार.

तिने खिरणीचं सर्वात कोवळं रोप निवडलं. कुंडी विटांवर चढवून दोघांना शेजारी आणलं. सुनपातीचं खोड काडेपेटीच्या काडीएवढं, जरा जाड इतकंच. चाकू लावला, उचलला, पुन्हा लावला, पुन्हा उचलला. असं आधी कधी झालं नव्हतं, तिने थांबायला पाहिजे होतं, ती स्वतःच म्हणते. पण ती थांबली नाही. साल काढली, जखमेला जखम लावली, पट्टी गुंडाळली, घट्ट.

चार-पाच दिवसांनी बघते तर कळीच्या टोकाला रंग. गुलाबी, अगदी टाचणीच्या डोक्याएवढा. जमनाबाय एकटीच हसली, लडक्यालाही सांगितलं घरी जाऊन. त्याच्या दुसऱ्या दिवशी कळीने मान टाकली. मग पानं वळली. मग सगळं झाड असं झालं की हात लावला तर पान खाली. खिरणीला काही झालं नव्हतं, ती मजेत होती.

म्हणजे नुसतं ठेवलं असतं, हात लावला नसता, तर फुललं असतं. चार दिवस का होईना, फुललं असतं, आणि धाकलीने बघितलं असतं. हे तिला तिथेच कळलं.

संध्याकाळी धाकलीचा फोन. "फुलला?"

"अजून नाय."

एकदा खोटं बोललं की सुटका नसते. पुढच्या फोनला पुन्हा, फुलला? अजून नाय. ऊन कडक आहे म्हणून असेल. हां, ऊन. मग पाऊस आला, पावसात नाय फुलत काय? नाय फुलत. तिकडे धाकली ढाब्यावर येणाऱ्या ड्रायव्हरांना सांगायची की बोर्डीला माझी सुनपाती आहे, जमनादिदीकडे, फुलणार आहे. जमनाबायने फोन उचलणं कमी केलं. मग उचलायचंच बंद केलं. एकदा तलासरीच्या बाजारात तिला प्रेम दिसला, तर ती बांगड्यांच्या दुकानात शिरली आणि तो जाईपर्यंत बांगड्या बघत बसली. दुकानदाराच्या आग्रहाने भरूनही घेतल्या, नको असताना. तिच्या पाड्यावरून अच्छाड काही लांब नाही हो, वाऱ्याचा रोख असला की हायवेचे हॉर्न ऐकू येतात. ती ते ऐकायची आणि भाकर थापायची.

दिवाळी झाली आणि प्रेम बाईकवर थेट नर्सरीत आला. जमनाबायला लपायला वेळच मिळाला नाही.

"मावशी, आम्ही चाललो. गावाकडे दुकान घातलंय, बायको-पोरं आधीच गेली. आईला घेऊन रविवारी निघतो वापीवरून." मग इकडे तिकडे बघत म्हणाला, "आई म्हणते जायच्या आधी झाडाला हात लावून येते. गाडी करून आणू तिला?"

"नको!" जमनाबाय एवढ्या जोरात बोलली की जतीन ऑफिसातून बाहेर आला. "तिचे गुडघे... मी आणते. उद्याच आणते."

त्या संध्याकाळी घरी ती जेवली नाही. लडक्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "त्यात काय? अडेनियम ने. गुलाबी हाय ना? बुटकं बी हाय. तिच्या डोळ्यात मोती, तिला काय समजतंय."

"खोटं नेऊ?"

"आतापर्यंत काय खरं नेत होतीस?"

बोलला तो बरोबर, आणि म्हणूनच तिला राग आला. पण सकाळी तिने नर्सरीतून अडेनियम घेतलं. फुलांनी भरलेलं, बुंधा फुगलेला. शेअरच्या इको गाडीत मांडीवर कुंडी धरून बसली. शेजारची बाई म्हणाली, "किती छान फूल! कोणाला?" जमनाबायने खिडकीकडे तोंड फिरवलं.

अच्छाडला ट्रकच्या ट्रक उभे असतात, डिझेल, धूळ, तव्यावरच्या कांद्याचा वास. ढाब्याच्या मागे पत्र्याच्या सावलीत खाट, खाटेवर धाकली लसूण सोलत बसलेली. जमनाबायला ओळखूच आली नाही क्षणभर. आधीच एवढीशी, आता तर खाटेत हरवलेली. बाजूला बांधलेली गाठोडी.

"दिदी आला?" पावलांवरून ओळखलं तिने.

जमनाबायने कुंडी तिच्या मांडीवर ठेवली. धाकलीने लसणाचे हात पदराला पुसले, कुंडी दोन्ही हातांनी धरली, फुलावर बोट फिरवलं. मग एक पान खुडलं, बोटांत चुरडलं आणि नाकाशी नेलं.

जमनाबाय बघत होती.

धाकलीने बोटं एकमेकांपासून लांब केली. चिकटत होती. "दिदी," ती म्हणाली, "ह्याला चीक आहे."

जमनाबायने कुंडी उचलायला हात पुढे केला.

"सुनपातीला चीक नसतो."

"मेलं ते," जमनाबाय म्हणाली. "मी मारलं. कळी होती तरी मारलं."

"कधी?"

"होळीच्या आधी."

"मग मी फोन करत होती तेव्हा?"

"तेव्हा मेलेलंच होतं."

मग जमनाबायने सगळं सांगितलं, बर्फ, कडा, खिरणी, पट्टी. खिरणी ऐकल्यावर धाकलीने मान वर केली. "खिरणीवर? सुनपाती बांधला खिरणीवर?" आणि ती हसायला लागली, इतकी की खोकला लागला, ढाब्यावरचे लोक डोकावले. जमनाबायलाही हसू आलं, तिला वाटलं सुटले. आणि तेवढ्यात धाकलीचं हसणं बंद झालं.

"झाड मेला तर मेला," ती म्हणाली. "किती झाडं मारली आपण, माती भरता भरता. पण तू अख्खा उन्हाळा आली नाय. अख्खा पाऊस आली नाय. समोर गाडी थांबली की मी विचारायची प्रेमला, कोण उतरला? तो म्हणायचा, कोणी नाय आई, पॅसेंजर."

"मला वाटलं तुला ते झाड पाहिजे. रोज तेच विचारायचीस."

"मग काय विचारणार? तू फोनवर दुसरा काय बोलतो? भाकर खाल्ली, हां, ठेवते! झाडाचा विचारला की दोन वाक्य जास्त बोलायची तू. म्हणून विचारायची मी. मी मेली असती मधे, तर आली असती ना? की तेव्हा पण बांगड्या भरत बसली असती?"

प्रेमने बघितलं होतं तर.

जमनाबायने लसणाची परात ओढली, खाटेच्या कडेला बसली आणि सोलायला लागली. धाकली तोंड फिरवून बसली होती. बऱ्याच वेळाने तिने मागे न बघताच परातीत हात घातला आणि तीही सोलायला लागली. ढाब्याचा मालक येऊन म्हणाला, "बस झाला, एवढा लसूण कोण खाणार?" दोघींनी ऐकलं नाही.

त्या आठवड्यात जमनाबाय नर्सरीत गेलीच नाही. जतीनला फोन करून सांगितलं, येत नाय, पगार काप. पाड्यावरून उठायची ती सरळ अच्छाड. धाकलीचे केस धुतले, वेणी घातली. सुनिता सासरहून पोरांना घेऊन आली, तिला धाकलीने ओळखलं आणि प्रेमला हाक मारली, "ये, तुझी झोळीवाली आली!" दोघं पन्नाशीकडे झुकलेले लाजले. दोघी नुसत्या बोलत होत्या. जुन्या शेटचं, चंद्रीचं, धाकलीच्या गप्प नवऱ्याचं. जमनाबाय म्हणते एवढी ती जन्मात बोलली नव्हती, जीभ दुखायला लागली. आणि मध्येच तिला आठवायचं की हे मागेच करता आलं असतं, मार्चात, मे महिन्यात, गणपतीत. मग ती गप्प व्हायची आणि धाकली तिला कोपराने ढोसायची.

रविवारी वापी स्टेशनवर लडक्यानेच गाठोडी चढवली. धाकलीला दोघांनी उचलून डब्यात बसवलं. खिडकीच्या गजांमधून तिने जमनाबायचा हात धरला.

"जेठात फुलतो तिकडे," ती म्हणाली. "तुझ्याकडे ताडगोळे संपते ना, तेव्हा. ये तेव्हा. प्रेम खाली घ्यायला येईल."

"एवढ्या लांब? मी वापीच्या पुढे नाय गेलेली गो. दिल्ली, मग बनबसा का काय, मग बस, मग चालायचं... मला ती भाषा बी नाय येत."

"मी आली ना एवढ्या लांब," धाकली म्हणाली. "मला कुठे मराठी येत होता?"

गाडी हलली. जमनाबाय थोडी धावली, तिच्या वयाला धावता येईल तेवढी.

परवा मी नर्सरीत गेले तेव्हा ती पिशव्या भरत होती, एकटी. जतीन मला सांगत होता, मावशीचं डोकं फिरलंय, जूनमध्ये सुट्टी मागतेय, तिकडे वर श्वास लागतो लोकांना. ती आतून ओरडली, "लागू दे! लागला तर खाली बसेन!" लडक्या सगळ्यांना सांगत फिरतो की म्हातारी काय जात नाय, नुसती बोलते. पण बाजारात त्याने स्वेटरचा भाव विचारला हे मला सुनिताने सांगितलं. रोज संध्याकाळी जमनाबायचा फोन वाजतो, तिकडे वर रेंज आली की, आणि आता ती पहिल्या घंटीला उचलते, हाताला माती असली तरी. भाकर खाल्ली? विचारून ठेवत नाही, बोलत राहते. तिकडे पहिला बर्फ पडलाय. धाकली म्हणते पाय गारठतात, पण सकाळी उठून दाराशी बसते.

ती जाईल का मला माहीत नाही. गुडघे तिचेही दुखतात. मला वाटतं जाईल.

आणि तुम्हाला एकच सांगायचं होतं, म्हणून एवढं लिहिलं. तुमचंही कोणीतरी असणार, ज्याचा फोन आला की तुम्ही मोबाईल उलटा करून ठेवता. काहीतरी बिघडलंय, तुमच्या हातून, आणि सांगायची लाज वाटते म्हणून. त्या माणसाला बहुतेक त्या बिघडलेल्या गोष्टीचं काही पडलेलं नसेल. तो गाडी थांबली की विचारत असेल, कोण उतरलं. प्लीज जा. काही न घेता जा, रिकाम्या हाताने. पेपर संपले की, सण झाले की असं म्हणू नका, ह्याच रविवारी जा.